निष्ठा मोजू नका, तरतूद दाखवा

कोविडच्या लाटा ओसरून काही वर्षे झाली, तरी आरोग्य कर्मचाऱ्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते : ज्यांच्यात खरा सेवाभाव होता ते राहिले, पोटार्थी होते ते पळाले. डिचोलीच्या बाजारात, पेडण्याच्या पंचायतीत आणि पर्वरीच्या सचिवालयात हे वाक्य सारख्याच ठामपणे उच्चारले जाते. त्यातून निघणारे उपायही ठरलेले असतात. अत्यावश्यक सेवा कायदा लावा, नोंदणी रद्द करण्याची तंबी द्या, शिकतानाच बॉण्ड लिहून घ्या. रोगाचे निदानच चुकले असेल तर औषध लागू पडणार नाही, आणि इथे निदान साफ चुकले आहे. संकटात कोण टिकेल आणि कोण जाईल, याचा निकाल बहुतांशी संकट येण्याआधीच लागलेला असतो. तो माणसाच्या स्वभावात शोधून सापडत नाही. त्याच्या नेमणुकीच्या आदेशात, घरापासून आरोग्य केंद्रापर्यंतच्या रस्त्यात आणि त्याने वरिष्ठांना लिहिलेल्या पत्राला मिळालेल्या उत्तरात तो सापडतो. हे मी पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांच्या संदर्भात मांडणार आहे, कारण गोव्याच्या आरोग्य व्यवस्थेची शिवण कुठे उसवते, ते या सीमेवरच्या तालुक्यांत आधी दिसते.

हा प्रश्न जगात पुष्कळांनी तपासला आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत न्यूयॉर्क परिसरातील ४७ आरोग्य संस्थांमधल्या ६,४२८ कर्मचाऱ्यांना दोन प्रश्न विचारले होते. अमुक आपत्ती आली तर तुम्ही कामावर पोहोचू शकाल का, आणि पोहोचता आले तर यायला तयार असाल का? हे दोन प्रश्न वेगळे ठेवले, यातच त्या पाहणीचे मोल आहे, कारण आपल्याकडच्या चर्चेत ते नेहमी एकमेकांत मिसळलेले असतात. मोठ्या हिमवादळात कामावर यायला ८० टक्के लोक तयार होते, पण पोहोचू शकू असे म्हणणारे ४९ टक्केच होते. सार्सच्या साथीत चित्र नेमके उलटले. पोहोचू शकणारे ६४ टक्के, तयार असणारे ४८ टक्के. माणसे तीच, संस्था त्याच, पेशाही तोच. आपत्ती बदलली आणि उत्तर बदलले. निष्ठा हा माणसाचा स्थिर गुण असता, तर एकाच माणसाची निष्ठा बर्फात ऐंशीवर आणि साथीत अठ्ठेचाळीसवर कशी गेली असती? अडचणी कोणत्या, हेही त्यांना विचारले होते. पोहोचण्याच्या आड येत होती वाहतूक आणि घरातल्या मुलांची व वृद्धांची देखभाल. तयारीच्या आड येत होती स्वतःची आणि घरच्यांची भीती. या चारही गोष्टींवर प्रशासनाला काही ना काही करता येते. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातील ३०८ सार्वजनिक आरोग्य कर्मचाऱ्यांची अशीच पाहणी प्रसिद्ध झाली. इन्फ्लुएन्झाची महासाथ आली तर जवळपास निम्म्यांनी कामावर येण्याची खात्री दिली नाही. ज्यांना आपले काम त्या संकटात महत्त्वाचे आहे असे वाटत होते, ते मात्र इतरांपेक्षा कितीतरी अधिक संख्येने यायला तयार होते. ही शेवटची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. तिच्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

आता आपल्या भूमीवर येऊ. २०११ च्या जनगणनेनुसार पेडणे तालुक्याची लोकसंख्या सुमारे ७५ हजार आणि डिचोलीची सुमारे ९७ हजार. दोन्ही तालुक्यांना महाराष्ट्राची सीमा लागते. पत्रादेवीचा नाका पेडण्यात, आणि डिचोली ओलांडली की दोडामार्गचा. सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतली कितीतरी माणसे रोज या नाक्यांवरून कामासाठी गोव्यात येतात. खाजगी इस्पितळांत आणि नर्सिंग होममध्ये काम करणारी, सफाई करणारी, औषधांच्या दुकानांत उभी राहणारी माणसेही त्यांत आहेत. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाली, बस थांबली आणि या माणसांचे घर एका राज्यात, काम दुसऱ्या राज्यात अशी फाळणी झाली. पुढे ६ मे २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १० मेपासून राज्यात येणाऱ्यांना कोविड नसल्याचा दाखला सक्तीचा केला. त्या दिवसांत गोव्यातला संसर्ग पाहता तो आदेश समजण्यासारखा होता. पण सीमेपलीकडून रोज कामावर येणाऱ्याची त्यात कोंडी झाली आणि ती सोडवण्याची कसलीही तयारी आधीपासून केलेली नव्हती. अशा वेळी जो कामावर आला नाही त्याला पळपुटा म्हणणे म्हणजे दार बाहेरून लावायचे आणि आतल्याला विचारायचे, बाहेर का येत नाहीस? त्याच वर्षी २३ जुलैला तिळारी नदीचे आणि पावसाचे पाणी चढले. डिचोली तालुक्यातला साळ, पेडण्यातली चांदेल, हणखणे, इब्रामपूर ही गावे पाण्याखाली गेली. न्यूयॉर्कच्या पाहणीतल्या दोन्ही प्रकारच्या आपत्ती, साथ आणि रस्ता अडवणारे अस्मानी संकट, या दोन तालुक्यांनी अडीच महिन्यांच्या अंतराने पाहिल्या. एकीत प्रश्न तयारीचाही होता, दुसरीत रस्त्याचा. दोन्हींवर एकच शेरा मारून मोकळे होणारे प्रशासन पुढच्या वेळीही तितकेच बेसावध सापडेल.

तयारीचा प्रश्न नुसत्या भीतीचा असतो, असेही नाही. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे गोमेकॉत, मे २०२१ मध्ये जे घडले ते या वादात सर्वांत महत्त्वाचे साक्षीपुरावे देते. ११ मेच्या पहाटे २ ते ६ या चार तासांत तिथे २६ रुग्ण दगावले. ही संख्या खुद्द तेव्हाचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी सांगितली. आदल्या दिवशी १,२०० जंबो सिलिंडरांची गरज असताना ४०० च मिळाले, हेही त्यांनीच सांगितले. मुख्यमंत्र्यांचे म्हणणे वेगळे होते. राज्यात प्राणवायू पुरेसा आहे, तो वॉर्डापर्यंत वेळेत पोहोचण्यात अडचण आहे, असे ते म्हणाले. उच्च न्यायालयात सुनावणी झाली तेव्हा अडचणीचे स्वरूप पुढे आले. सिलिंडर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला जोडून आणायची, ती अरुंद जागेत वळवून मॅनिफोल्डपाशी, म्हणजे सिलिंडर जोडण्याच्या सामाईक नळीपाशी, नेमकी उभी करायची, रिकामी ट्रॉली सोडवायची, भरलेली जोडायची. या अदलाबदलीत जितका वेळ जाईल तितका वेळ नळीतला दाब खाली येई आणि वर वॉर्डात माणसे गुदमरत. १२ मेच्या आदेशात न्यायालयाने स्पष्ट केले की प्राणवायूअभावी रुग्ण मरणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भंग आहे. आता मुद्दा पाहा. प्राणवायूचा दाब पडतो, रात्रीच्या पाळीत आम्ही हतबल होतो, हे निवासी डॉक्टरांच्या संघटनेने, म्हणजे गार्डने, महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना लेखी कळवले होते. त्यानंतर मृत्यू झाले, न्यायालयाने कानउघाडणी केली आणि त्याच महिन्यात २० हजार लिटरची टाकी गोमेकॉत उभी राहिली. म्हणजे टाकी उभी करणे शक्य होते. पत्राने जे झाले नाही ते प्रेतांनी झाले.

त्या रात्री पाळीवर असलेल्या डॉक्टरची किंवा परिचारिकेची जागा घेऊन विचार करा. संसर्गाची भीती तिने स्वीकारलेली आहे. किटमध्ये आठ-आठ तास घामाने भिजत राहणे तिने स्वीकारलेले आहे. पण हातात विद्या असून, समोर वाचू शकणारा रुग्ण असून, नळीत हवा नाही म्हणून तो डोळ्यांदेखत जातो आणि बाहेर त्याचे नातेवाईक तिलाच जाब विचारतात, हे कोणत्याही शपथेत लिहिलेले नाही. नोकरी सोडण्याचा विचार बहुतेकदा इथे जन्म घेतो. मेरीलँडच्या पाहणीने हेच उलट बाजूने सांगितले आहे. माझ्या कामाने फरक पडतो, असे ज्याला वाटते तो येतो. ज्याला ते वाटेनासे झाले, त्याला ना पगार धरून ठेवतो ना कायदा. गोमेकॉचे निवासी डॉक्टर त्या मे महिन्यात वॉर्ड सोडून सामूहिकपणे निघून गेले नाहीत, हे त्यांच्याबद्दल कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. त्यांनी पत्रे लिहिली, तक्रार केली आणि काम चालू ठेवले. तक्रार करणारा माणूस हा अजून राहू इच्छिणारा माणूस असतो. त्याचे पत्र फायलीत पडू देणे म्हणजे त्याला दरवाजा दाखवणे.

आणखी एक गोष्ट त्या ट्रॅक्टरच्या तपशिलात आहे. त्या रात्री वॉर्डातल्या रुग्णांचा जीव जितका भूलतज्ज्ञाच्या हाती होता तितकाच ट्रॉली वळवणाऱ्या चालकाच्या आणि सिलिंडरचे नळ आवळणाऱ्या मजुरांच्या हाती होता. 'कोरोना योद्धा' म्हणून सत्काराच्या शाली वाटल्या गेल्या तेव्हा त्यांतल्या किती यांच्या खांद्यावर पडल्या? आपण आरोग्य कर्मचारी म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर पांढरा कोट येतो. मुंबईच्या प्रशासनाला १८९६ साली याबाबत आपल्यापेक्षा जास्त समज होती, असे म्हणावे लागते. त्या वर्षी मांडवी भागात प्लेग प्रथम ओळखला तो मूळचे गोव्यातील हडफड्याचे डॉक्टर अकासियो गाब्रिएल व्हिएगश यांनी. साथ पसरू लागली, सक्तीने इस्पितळात नेण्याची धास्ती बसली, ऑक्टोबरअखेर आर्थर रोडच्या इस्पितळावर जमाव चालून गेला आणि लोक शहर सोडू लागले. पालिकेच्या आयुक्तांना सर्वांत मोठी चिंता पडली ती हलालखोरांची, म्हणजे शहराचा मैला वाहणाऱ्या सफाई कामगारांची. ते निघून गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही, हे त्यांनी ओळखले आणि सक्तीचे नियम सैल केले. वसाहतवादी सरकारला त्या कामगारांचा पुळका होता, असे कुणी समजू नये. तो रोकडा हिशेब होता. पण हिशेब तरी बरोबर होता. कोणाच्या जाण्याने काय कोसळेल हे आधी पाहायचे आणि त्यानुसार आपले धोरण बदलायचे. सव्वाशे वर्षांनंतर आपण ते धोरण तसेच ठेवतो आणि जाणाऱ्याचे चारित्र्य तपासत बसतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो सैनिकाचा. सीमेवरचा जवान गोळीबार सुरू झाल्यावर राजीनामा देत नाही, मग डॉक्टर-परिचारिकांनी का द्यावा? आक्षेप वजनदार आहे. सरकारनेही हीच भाषा वापरली. २२ मार्च २०२० ला टाळ्या-थाळ्या वाजल्या, ३ मेला हेलिकॉप्टरमधून इस्पितळांवर फुले पडली. पण तुलना करायची तर पुरती करावी. जवानाला राहायला बराक असते, जेवण असते, घरच्यांसाठी कॅन्टीन आणि लष्करी इस्पितळ असते, निवृत्तिवेतन असते, आणि मेल्यावर त्याचे नाव दगडावर कोरले जाते. लढाई सुरू असताना त्याला कोणी कंत्राटदारामार्फत अकरा महिन्यांसाठी नेमत नाही. जून २०२० मध्ये डॉक्टरांचे थकलेले पगार आणि राहण्याची सोय यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा न्यायालयानेही युद्धाचाच दाखला दिला आणि युद्धात सैनिकांना नाराज ठेवता येत नाही, अशा अर्थाची समज सरकारला दिली. मोजदादीचे पाहा. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेत किती आरोग्य कर्मचारी बाधित झाले आणि किती दगावले, असे विचारले गेले. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने केंद्राच्या पातळीवर अशी माहिती ठेवली जात नाही, असे उत्तर आले. इंडियन मेडिकल असोसिएशनला त्यानंतर ३८२ मृत डॉक्टरांची यादी स्वतः जाहीर करावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभर सुमारे १ लाख १५ हजार आरोग्य कर्मचारी कोविडने गेले. ज्या फौजेचे मृत मोजले जात नाहीत तिच्याकडून फौजेची शिस्त मागण्याचा अधिकार कुणालाही नाही. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली ५० लाखांची विमा योजना चांगलीच होती आणि तिच्यात कंत्राटी कर्मचारीही घेतले होते. मात्र ती मृत्यूनंतर उपयोगी पडणारी होती. जिवंत असताना विलगीकरणाची रजा भरपगारी आहे की नाही, घरात वृद्ध सासू असेल तर पाळीनंतर कुठे राहायचे, घरच्याच माणसाला लागण झाली तर खाट मिळेल का, हे प्रश्न विमा सोडवत नाही.

दुसरा आक्षेप जास्त चलाखीचा आहे. हा सगळा पैशाचा खेळ आहे, चार पैसे वाढवा, सगळे थांबतील. असे म्हणणारे लोक स्वतःला व्यवहारी समजतात. मे २०२० मध्ये कोलकात्याच्या खाजगी इस्पितळांतून आठवड्याभरात ३०० हून अधिक परिचारिका गावी निघून गेल्या. त्यांतल्या १८५ एकट्या मणिपूरच्या होत्या. पगाराची तक्रार त्यांनी केलीच, पण तिच्या बरोबरीने अपुरी संरक्षक साधने आणि चेहरेपट्टीवरून रस्त्यात होणारा अपमान यांचीही केली. अपमानाची भरपाई भत्त्याने कशी करणार? पैशाचे महत्त्व मी नाकारत नाही. महाराष्ट्रात जून २०२१ मध्ये सुमारे ७० हजार आशा सेविकांनी संप केला, कारण कोविडच्या कामासाठी त्यांना महिना १,००० रुपये, म्हणजे दिवसाला ३३ रुपये मिळत होते. त्या रकमेत किंमत कामाची होत नव्हती, माणसाची होत होती. संप मिटला तो दीड हजाराच्या वाढीवर, आणि मिटताच त्या पुन्हा दारोदार फिरू लागल्या. गोव्यात आशा योजना नाही, त्यामुळे घरोघरच्या पाहणीचा भार एएनएम आणि अंगणवाडी सेविकांवर पडतो, एवढाच फरक. पैसा हवा असतो तो आपण टाकाऊ नाही याची पावती म्हणून. उलट बाजूचे उदाहरणही आहे. मे २०१८ मध्ये केरळमध्ये निपाहची साथ आली तेव्हा पेरांब्रा तालुका इस्पितळातली परिचारिका लिनी रुग्णसेवा करताना संसर्ग होऊन गेली. ती कायम नोकरीत नव्हती. कंत्राटी माणसांत निष्ठा नसते म्हणणाऱ्यांना हे एक नाव पुरेसे उत्तर आहे. पण म्हणून कंत्राटी पद्धत बरी ठरत नाही. लिनीने दिले ते व्यवस्थेने तिला काही दिले होते म्हणून नव्हे, आणि असे दान गृहीत धरून वेळापत्रक आखणे हा अन्याय आहे.

तिसरा मार्ग सक्तीचा. ६ मे २०२० रोजी महाराष्ट्राच्या वैद्यकीय शिक्षण व संशोधन संचालनालयाने मुंबईतल्या खाजगी डॉक्टरांना किमान १५ दिवस कोविड सेवेत हजर होण्याचा आदेश काढला, न आल्यास नोंदणी रद्द करण्याचा इशारा दिला. साथ तोंडावर आलेली असताना असा आदेश काढावा लागतो, हे मी समजू शकतो. त्याने १५ दिवसांपुरती माणसे उभी करता येतात. सोळाव्या दिवसाचे काय, याचे उत्तर त्या कागदावर नसते. सक्तीचा दुसरा दोष असा की तिच्यामुळे राजीनामे थांबत नाहीत, पुढे ढकलले जातात. साथ सरते, कायद्याचा अंमल संपतो आणि मग परिचारिका आखातात, आयर्लंडला, इंग्लंडला जायच्या तयारीला लागते. गोव्यात तर पोर्तुगीज पासपोर्टचा मार्ग घराघरांत माहीत आहे. संकटानंतरच्या या गळतीला कोणी पळून जाणे म्हणत नाही, म्हणून ती कुणाच्या हिशेबात येत नाही. पण पुढच्या संकटात रिकामी दिसणारी खुर्ची त्याच गळतीतून आलेली असते. सुरतेचा १९९४ चा प्लेग सक्तीवाल्यांना आवडतो, कारण तिथे कितीतरी खाजगी डॉक्टर दवाखान्यांना कुलूप लावून शहराबाहेर गेले. तेच उदाहरण मी माझ्या बाजूने मांडतो. त्याच शहरात, त्याच भीतीत सरकारी सिव्हिल इस्पितळातले डॉक्टर आणि निवासी डॉक्टर कामावर राहिले. खाजगी डॉक्टर जात्याच भित्रे आणि सरकारी जात्याच शूर, असे मानायला आधार नाही. एकाच्या मागे संस्था होती, सहकारी होते, औषधसाठा होता, उद्याची नोकरी होती. दुसरा आपल्या गल्लीत एकटा होता.

इथे एक प्रामाणिक शंका घेता येईल, आणि मला ती टाळायची नाही. राहिले ते सगळे राहावेसे वाटले म्हणून राहिले का? डिचोली तालुक्याकडे पाहिले की याचे उत्तर नाही असेच द्यावे लागते. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द केली आणि ट्रक, बार्ज, गॅरेज यांवर उभी असलेली घरे बसली. ज्या घरात ट्रकचा हप्ता थकला आणि बायकोचा आरोग्य केंद्रातला पगार हेच एकमेव निश्चित उत्पन्न उरले, त्या घरातल्या बाईला कोविड असो वा नसो, कामावर जाणे भागच असते. तिच्या राहण्याला शौर्य म्हणून आपण टाळ्या वाजवतो तेव्हा तिची लाचारी आपल्याला दिसत नाही, आणि जिला बाहेर पडण्याचा मार्ग होता तिच्या जाण्याला भ्याडपणा म्हणतो तेव्हा तिची कारणे दिसत नाहीत. दोन्हींकडे चूक एकच आहे. वागणूक पाहून चारित्र्य ठरवले जाते आणि मधली परिस्थिती गाळली जाते. अगतिकतेने टिकलेल्या माणसांवर उभी असलेली व्यवस्था मजबूत दिसते, पण खाणीवर पुन्हा काम मिळाले की किंवा मोपा विमानतळावर बरी नोकरी मिळाली की ती माणसे जातील, आणि त्यांना अडवण्याचा नैतिक हक्क कुणाला नसेल.

मानाचा मुद्दाही इथेच येतो, आणि तो जुना झालेला नाही. ७ जून २०२५ रोजी गोमेकॉच्या कॅज्युअल्टीत एका ज्येष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्याला आरोग्यमंत्र्यांनी कॅमेऱ्यासमोर, सगळ्यांदेखत फैलावर घेतले आणि निलंबनाचा हुकूम सोडला. तक्रारीची चौकशी, म्हणणे मांडण्याची संधी, काही नाही. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी निलंबन होणार नाही असे सांगितले, मंत्र्यांनी माफीही मागितली. डॉक्टरांचा आग्रह होता की अपमान जिथे झाला तिथेच माफी मागितली जावी. काहींना तो हट्ट वाटला. मला तो अगदी रास्त वाटतो, कारण त्या चित्रफितीचे प्रेक्षक फक्त त्या अधिकाऱ्याचे सहकारी नव्हते. साखळीच्या, मयेच्या, कासारवर्ण्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या प्रत्येक डॉक्टरने आणि परिचारिकेने ती पाहिली असेल. माझ्यावर अशी वेळ आली तर वरिष्ठ माझ्या मागे उभे राहतील की कॅमेऱ्यामागे, याचे उत्तर त्यांनी त्या क्षणी मनात नोंदवले असणार. २०१३ मध्ये गोव्याने आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हिंसेविरुद्ध कायदा केला, २०२० मध्ये केंद्राने साथरोग कायद्यात दुरुस्ती करून हल्ल्यासाठी पाच वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापतीसाठी सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. जमावाला धाक घालणारे कायदे झाले. सत्तेच्या आवाजाला लगाम घालणारी रीत अजून पडलेली नाही.

आता राहिला तो इतिहासातल्या थोरांचा दाखला. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेल्या. त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत हडपसरजवळ ससाणे मळ्यात रुग्णांवर उपचार करत होते. त्यांच्यापुढे हात जोडावेत, यात शंका नाही. पण त्यांचे नाव घेऊन पेडण्यातल्या कंत्राटी परिचारिकेला दटावणे हा त्यांचाच अवमान आहे. सावित्रीबाई कुणाच्या हुकमाने तिथे गेल्या नव्हत्या आणि सरकारी छावण्यांच्या जुलमाच्या काळात लोकांना आधार मिळावा म्हणून त्यांनी वेगळी व्यवस्था उभी केली. त्यांच्या उदाहरणातून घ्यायचे तर ते हे घ्यावे.

शेवटी प्रशासनाचे ठरलेले उत्तर : पैसे नाहीत, छोट्या तालुक्यांना एवढी चैन परवडत नाही. पेडण्याचे तुये गाव या उत्तराला पुरेसे आहे. तिथे १०० खाटांच्या इस्पितळाची इमारत उभी राहिली. पैसे होते, म्हणूनच राहिली. नंतर वर्षानुवर्षे ती पूर्ण क्षमतेने चालू झाली नाही, आणि ती गोमेकॉशी जोडून चालू करा, अशी मागणी घेऊन तुयेच्या कृती समितीला रस्त्यावर उतरावे लागले. भिंतींसाठी निविदा निघतात, माणसांसाठी निघत नाहीत. कारण इमारतीचे उद्घाटन करता येते, परिचारिकेच्या निवासस्थानाचे किंवा भरपगारी विलगीकरण रजेच्या परिपत्रकाचे उद्घाटन कोणी करत नाही. इस्पितळ पूर्णपणे चालू नसल्याने पेडण्याचा रुग्ण म्हापशाच्या आझिलो इस्पितळात किंवा थेट बांबोळीत जातो आणि तिथल्या आधीच वाकलेल्या कर्मचाऱ्यावर आणखी एक ओझे पडते. सीमेपलीकडच्या दोडामार्गवासीयांचेही तेच आहे. जानेवारी २०१८ पासून गोमेकॉत परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा मार्चमध्ये दोडामार्गात 'आरोग्याचा जनआक्रोश' उसळला. रुग्ण सीमा मानत नाही आणि कर्मचारीही सीमा ओलांडून येतो, हे दोन्ही राज्यांच्या सरकारांना माहीत आहे. तरी सीमेवरच्या आरोग्याचा आराखडा दोघांनी एकत्र बसून केलेला नाही.

म्हणून मागणी अगदी साधी आहे आणि तिच्यात नवे काही शोधायचे नाही. पुढची साथ किंवा पुढचा पूर यायच्या आधी पेडणे आणि डिचोलीच्या सामाजिक आरोग्य केंद्रांत, साखळी, मये, कासारवर्णेच्या प्राथमिक केंद्रांत काम करणाऱ्या प्रत्येकाची, सफाई कामगार आणि रुग्णवाहिकेच्या चालकासह, एक यादी करावी : कोण कुठून येतो, नदी चढली तर कसा येईल, सीमा बंद झाली तर त्याला कोणता पास दाखवावा लागेल. तुये इस्पितळ पूर्णपणे चालू करून त्याच्या आवारात पाळीवरच्या माणसांना राहायला खोल्या द्याव्यात. कंत्राटी पदे कायम करण्याचे वेळापत्रक जाहीर करावे. आणि निवासी डॉक्टर असो वा परिचारिका, धोक्याबद्दल कुणीही लेखी कळवले तर ४८ तासांत लेखी उत्तर देणे वरिष्ठांवर बंधनकारक करावे. उत्तर न देणाऱ्यावर कारवाई व्हावी, पत्र लिहिणाऱ्यावर नव्हे. यातले किती झाले, हे पुढच्या विधानसभा निवडणुकीत मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येकाला पेडणे आणि डिचोलीच्या मतदारांनी एकेक करून विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत कुठल्याही परिचारिकेच्या निष्ठेबद्दल त्याला एक शब्दही बोलू देऊ नये.